सारामाईला चढवलेला पडदा

"झग्याचं गाठोडं सारामाईला, पडद्याचं खिडकीला. म्हणून दाखव," कोलोंबा म्हणाली.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं म्हणत बास्त्यानने दोन्ही गाठोडी उचलली, आणि म्हणून दाखवायचं राहिलं ते राहिलंच.

नात नोएमी दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. आर्ल शहरातल्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती तेव्हाच कोलोंबाने आपल्या फिरस्त्या लोकांना पावणाऱ्या माईला नवस बोलला होता, पोर घरी आली तर सारामाईला माझ्या हातचा झगा. पोर घरी आली, चांगली बाळसेदार झाली. कोलोंबाने हिवाळाभर लाल मखमलीवर जर टाचली. उरलेल्या मखमलीचा तिने कॅरॅव्हॅनच्या, त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, खिडकीला पडदा शिवला आणि त्याला जुन्याच पितळी कड्या लावल्या. गाडी चालताना त्या कड्या वाजल्याशिवाय नोएमी डोळा मिटत नसे. आता माईच्या जत्रेला समुद्राकाठी पोचल्यावर मात्र कोलोंबाचे गुडघे देवळाच्या तळघरात उतरायला तयार होईनात, म्हणून हे काम नवऱ्याकडे आलं.

बास्त्यानने एक लाल मखमल खिडकीच्या दांडीला बांधली आणि दुसरी घेऊन रांगेत उभा राहिला. तळघरात मेणबत्त्यांच्या धगीने जीव गुदमरत होता. मागून बाया ढकलत होत्या, "आटप रे दादल्या, लग्न लावतोस का तिचं?" त्याने घाईघाईने माईच्या खांद्यावर मखमल घातली. काहीतरी किणकिणलं. बायको हल्ली फारच हौशी झालीय, असं त्याच्या मनात आलं.

तो परतला तेव्हा कोलोंबा हातात पळी घेऊन खिडकीकडे बघत उभी होती.

"बास्त्यान, तिथं काय लटकतंय?"

"पडदा."

"पडद्याला गळा असतो?"

बास्त्यानने नीट पाहिलं. पडद्याला गळा होता आणि गळ्याभोवती सोनेरी जरही होती.

गुडघ्यांचं दुखणं विसरून कोलोंबा झगा घेऊन देवळाकडे धावली. सून झेली पोरीला कडेवर घेऊन मागे, आणि तिच्याही मागे, पुरेसं अंतर ठेवून, बास्त्यान. तळघराच्या दाराशी म्हातारी पेर्ला राखणीला बसली होती.

"एकदा माईच्या अंगावर चढलं ते माईचं," ती म्हणाली. "काढायचं नाव काढू नकोस."

"मग वरून हा तरी घाल, मावशे. माझा नवस आहे गं."

"माई समुद्रस्नानाला निघाली आता. वाट सोड."

खांदेकऱ्यांनी मूर्ती बाहेर आणली. शेवटी चढवलेलं वस्त्र सगळ्यात वर, आणि शेवटचं वस्त्र बास्त्यानचंच होतं; त्याच्या मागच्या बाया नुसत्या मेणबत्त्या लावायला आल्या होत्या. गावभर गिटारी, आरोळ्या, पांढऱ्या घोड्यांच्या टापा. त्या गोंगाटाने नोएमी रडून रडून लालबुंद झाली. कोलोंबाने हातातला झगा उराशी धरला. नवस पडद्यावर भागवला, आता माईने पोरीवर राग काढला तर?

तेवढ्यात मूर्ती शेजारून गेली. खांदेकऱ्यांच्या पावलागणिक कड्या किणकिणत होत्या. नोएमीने एक हुंदका अर्ध्यात सोडला, कान टवकारले आणि झेलीच्या खांद्यावर मान टाकून झोपून गेली.

समुद्रावरून गार वारा सुटला होता. "आई, हिला गुंडाळायला काही आहे का?" झेलीने विचारलं. कोलोंबाच्या हातात एकच वस्तू होती. जरीच्या झग्यात गुरफटलेल्या नातीकडे ती बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"माये, तुझे उपकार कसे फेडू गं," ती पाण्यात उतरणाऱ्या मूर्तीला म्हणाली. "पण झगा हिलाच द्यायचा होता, तर आधी सांगायचंस. एवढी बारीक जर टाचून डोळे तरी फोडले नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गाड्यांमधल्या बाया उघड्याबोडक्या खिडकीशी जमल्या. माईच्या वस्त्राला कड्या लावायचं सुचलं कुणाला? पुढच्या वर्षी त्यांनाही तसंच शिवायचं होतं. बास्त्यान छाती फुगवून पुढे सरसावला, पण कोलोंबाने त्याला कोपराने मागे सारलं.

"शिवायचं काही विशेष नाही, बायांनो," ती म्हणाली. "नवऱ्याला दोन कामं एकदम सांगा. बाकीचं माई बघते."