नदीत मीठ

सर्दीने निरीक्षकांच्या तोंडाची चवच गेली होती आणि शिजणाऱ्या सुपात मीठ बरोबर पडलंय का, हे सांगायला घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ते नदीकाठच्या पाणी तपासणी केंद्रात एकटेच राहत होते. इथून रोज पाण्याचे आकडे मुख्य कार्यालयात जायचे. तिकडून कधी कुणी 'बरे आहात ना?' असं विचारलं नव्हतं.

टेबलावर पाण्यातले क्षार आणि तापमान मोजायचं यंत्र होतं. निरीक्षकांनी त्याची दांडी स्वच्छ धुतली आणि पातेल्यात बुडवली. त्या आकड्यावरून सुपाची चव काही त्यांना उमगली नाही. यंत्राने मात्र नेमाप्रमाणे तो आकडा कार्यालयाला कळवून टाकला.

पाच मिनिटांत फोन खणाणला. मुख्य कार्यालयाच्या प्रमुख, मोठ्या बाई स्वतः बोलत होत्या.

"अहो, नदीत समुद्र शिरला की काय?"

"नाही बाई, ते काय झालं..."

"आणि पाणी ऐंशी अंशांवर? वरच्या अंगाला कारखाना फुटला वाटतं!"

"बाई, मी जरा..."

"कशाला हात लावू नका. निघालोच आम्ही!"

गावाचे नळ बंद झाले. निरीक्षकांनी पुन्हा पुन्हा फोन लावला, पण कार्यालयाची लाइन सतत व्यस्त. नोकरी जाणार, अशी त्यांची खात्री झाली. तरीही गाड्यांचा आवाज ऐकताच त्यांनी केस विंचरले.

सात माणसं उतरली ती थेट नदीकडे धावली. बाटल्या भरल्या, तपासल्या. पाणी अगदी निर्मळ.

"मग तो आकडा आला कुठून?" बाईंनी विचारलं.

निरीक्षकांनी घसा खाकरला. "स्वयंपाकघरातून."

सगळे पातेल्याभोवती जमले. जाड चष्म्याच्या रसायनतज्ज्ञांनी चमचा उचलून चव घेतली.

"मीठ फार झालंय हो."

"तेवढंच विचारायचं होतं," निरीक्षक पुटपुटले. "पण विचारणार कुणाला?"

बाईंनी फोन करून नळ सोडायला सांगितले आणि खुर्ची ओढली. "पाणी वाढवा त्यात. आमच्याही पोटात सकाळपासून काही नाही."

वाट्या पुरेनात, म्हणून चौघांनी तपासणीचे नवे कोरे काचेचे बीकर तोंडाला लावले.

आठवड्याने आदेश आला: यंत्र स्वयंपाकघरात नेण्यास सक्त मनाई. यापुढे दर गुरुवारी केंद्राची प्रत्यक्ष पाहणी होईल.

गुरुवारी निरीक्षक पहाटेच इस्त्रीचा सदरा घालून, वह्या मांडून बसले. अकराला गाडी थांबली. रसायनतज्ज्ञ दारातूनच म्हणाले, "नदी कुठे पळून जात नाही. आज काय शिजवलंय?"