मिस्ड कॉलवाले भाऊजी

एका सोमवारी कंपनीचं अमरावतीतलं ऑफिस पुण्याला गेलं. त्याच दिवशी शेतातल्या पंपांची सेवा बंद झाली. मंगळवारी माझ्या भाऊजींनी फोन उचलला.

यातल्या शेवटच्या वाक्यात विशेष काय, असं कोणालाही वाटेल. फोन सगळेच उचलतात. पण दिवाकरभाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, उचलत नसत. फोन वाजला की ते पडद्यावरचं नाव वाचायचे, मान डोलवायचे आणि "समजलं" म्हणून तो खिशात टाकायचे. काय समजलं, हे फोन करणाऱ्याला कधीच कळायचं नाही. आपण चिडून पुन्हा लावला, तर पुढच्या भेटीत ते आपल्यालाच ऐकवायचे, "उचलू नोका, समजून घ्या. बोलाले पैसे लागतात, समजाले लागत नाई."

या एका विचारावर त्यांनी कंपनी काढली होती. वऱ्हाडात तेव्हा शेतीच्या विजेचा काही नेम नव्हता. ती वर्षं अशी होती की सकाळचं वर्तमानपत्र उघडलं की आम्ही शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत आधी गावाचं नाव बघायचो. पंपाला लागणारी थ्री फेज लाईन कधीही यायची. माणसं अंधारातून, साप-विंचवांतून विहिरीपर्यंत जायची आणि लाईन नाही म्हणून तशीच परत यायची. भाऊजी पॉलिटेक्निकात शिकवत होते. त्यांनी एक डबी तयार केली. आत सिमकार्ड, बाहेर तीन वायरी. डबी पंपाच्या स्टार्टरला जोडायची. लाईन आली की ती मालकाला मिस्ड कॉल देणार, आणि मग मालकानं घरून निघायचं. डबी काही बोलत नसे, मालक काही उचलत नसे. भाऊजींना वाटायचं, जगातली सगळी भांडणं अशा डब्या लावून मिटवता येतील.

डब्यांचं पत्र्याचं काम मूर्तिजापूरचे रऊफभाई करायचे. त्यांचं दुकान पेट्या आणि धान्याच्या कोठ्यांचं. शिवाय गावाबाहेर थोडं ओलिताचं शेत. पहिली डबी त्यांच्याच विहिरीवर बसली. आठवडाभरानं भाऊजींनी विचारलं, "कसं आहे मशीन?"

"मशीन का म्हणता भाऊ? घरात आणून ठेवावं वाटते," रऊफभाई म्हणाले. "एकदा सांगते अन् चूप बसते. आमच्या घरी असं कोणी नाई."

घरीही भाऊजींनी तीच पद्धत लावली होती. एक रिंग म्हणजे निघालो. दोन म्हणजे चहा ठेव. तीन म्हणजे सोबत पाहुणे आहेत. रेंजचा भरवसा नसल्यामुळे ताईनं कितीदा तरी पाच माणसांचा स्वयंपाक केला आणि भाऊजी एकटेच आले. ते काही न बोलता सगळ्यांच्या वाटचं जेवायला बसायचे. ताई म्हणायची, "अहो, एक शब्द बोलले असते तं एवढं पिठलं वाया गेलं नसतं."

"वाया कुठं गेलं? मी खाऊन राहिलो ना."

रेंज शोधण्याचं त्यांना वेड होतं. लग्नाच्या मांडवात शिरले की फोन डोक्यावर धरून फिरायचे. जिथं रेंज मिळेल तिथं उभे राहायचे, मग ती जागा नवरदेवाच्या खुर्चीमागे का असेना. आमच्या घराण्यातल्या अनेक लग्नांच्या फोटोंत नवरा-नवरीच्या मागे हात वर केलेला एक माणूस आहे. नवे जावई हमखास विचारतात, "हे कोण?" आम्ही विषय बदलतो.

माझं लग्नही त्यांनीच जमवलं. मी अकोल्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि मुली बघायला जाताना हातात पुस्तक न्यायचो, त्यामुळे जमत नव्हतं. एका मुलीच्या वडिलांनी "विचार करून फोन करतो" असं सांगितलं. फोन आला. भाऊजींनी नाव वाचलं, म्हणाले "समजलं," आणि दुसऱ्या दिवशी साडी, नारळ, पेढे घेऊन आम्हा सगळ्यांना त्यांच्या दारात उभं केलं. मुलीच्या वडिलांचा चेहरा पाहून मला कळलं की त्यांनी फोन नकार द्यायला केला होता. भाऊजी मात्र पेढ्याचा पुडा सोडत होते. "नाई म्हणाचं असतं तं कोणी फोन कशाले करन?" ते मला कानात म्हणाले. इतकी माणसं, इतके पेढे, शेजारी दारात आलेले. त्या सभ्य गृहस्थांना नाही म्हणवेना. माझी बायको आजही पाहुण्यांना सांगते, "मला यांच्या घरी बापानं नाही, नेटवर्कनं दिलं."

कंपनी वाढत गेली. भातकुली, नांदगाव खंडेश्वर, पार मूर्तिजापूरपर्यंत डब्या बसल्या. मग दुधाच्या टाक्यांवर बसल्या, थंड दूध तापायला लागलं की डबी डेअरीवाल्याला रिंग द्यायची. पुण्याच्या काही लोकांनी हे ऐकलं. त्यांना शहरांतल्या लिफ्ट, गाड्या, पाण्याचे मीटर असं सगळं बिनतारी जोडायचं होतं. त्यांनी पैसा घातला. पहिल्या वर्षी त्यांनी पुण्यात एक समारंभ केला आणि भाऊजींना व्यासपीठावर बसवलं. ताई आणि मी समोर होतो. भाऊजी उठले, फोन डोक्यावर धरून व्यासपीठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि माईकपासून लांब, पडद्याच्या कोपऱ्यात थांबले. "इथं रेंज आहे, मी इथूनच बोलतो," ते म्हणाले. लोक हसले. मग त्यांनी सगळ्या सभेला समजावलं की आपल्या धंद्याचं मूळ कशात आहे. "ज्याले काम आहे, त्यानं फोन उचलूच नये." आणखी हसले. मी बुटांकडे बघत बसलो. ताईनं पदर तोंडाला लावला. आपला माणूस चारचौघांत असा उघडा पडतो तेव्हा त्याचा राग येतो, आणि राग आल्याची लाज वाटते. परतीच्या गाडीत भाऊजी खुश होते. "लय हसले बावा लोक. आवडलं त्यायले."

मिस्ड कॉलमधून कंपनीला काहीच मिळत नाही, हे पुण्याच्या लोकांच्या लवकरच लक्षात आलं. ऑफिस पुण्याला न्यायचं आणि पंपांची सेवा बंद करायची, असं ठरलं. कागद अमरावतीला आला आणि भाऊजींनी सही केली. न करून त्यांचं फारसं काही चाललं नसतं, पण सही त्यांची होती.

मंगळवारी उचलला तो फोन मूर्तिजापूरकडच्या एका शेतकऱ्याचा होता. मी तेव्हा त्यांच्या घरी चहा पीत होतो. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "भाऊ, डबी काहून चूप आहे? लाईन येऊन गेली, कळलंच नाई."

भाऊजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "नंबर बदलून राहिला रे तिचा. आता नव्या नंबरवरून वाजन. थांब तू."

त्यानंतर ते रोज सकाळी डबा घेऊन बसनं जायला लागले. कंपनीनं सल्लागार म्हणून नेमलं, असं ताईला सांगितलं होतं. ताईनं ते अभिमानानं गल्लीत सांगितलं. मला शंका आली, कारण सल्लागार माणूस पाण्याची बाटली आणि सतरंजी नेत नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी रऊफभाईंच्या गावाला गेलो, तेव्हा विजेच्या सबस्टेशनच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत ते मला सापडले. सतरंजीवर दोन फोन, भिंतीला एक पंखा. मी काही विचारणार तेवढ्यात भिंतीपलीकडून ऑपरेटर ओरडला, "भाऊ, लाईन सोडली!"

भाऊजी ताठ बसले. चष्मा लावला. एक नंबर लावला, एक रिंग होऊ दिली, कापला. दुसरा लावला, कापला. दोन्ही हातांनी, पेटी वाजवावी तसे. मी उभाच होतो. सगळे नंबर झाल्यावर त्यांनी घाम पुसला.

"किती दिवस करणार हे?" मी विचारलं.

"त्यायले वाटते डबी वाजून राहिली. वाटू दे."

"पण खरं सांगून टाका ना. तुमचा एकट्याचा दोष नाही."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रत्येकाच्या वसरीवर बसून चहा पेलो मी, बाबू. हे बंद पडणार नाई म्हणून सांगतलं. आता कोणत्या तोंडानं जाऊ? तोंड दाखवता येत नाई, रिंग देता येते. तुह्या ताईले सांगू नोको."

मी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, ते त्या खोलीतच गेले. ऑपरेटरनं हाक मारली आणि आतून काही हालचाल झाली नाही, म्हणून तो भिंतीवरून उतरून आला.

तेरवीला रऊफभाई आले. जेवले नाहीत, माझ्याजवळ बसून राहिले. खोलीत भाऊजी काय करायचे, हे त्यांना सांगावं की नाही, या विचारात मी होतो. तेच बोलले.

"आमाले मालूम होतं, भाऊ."

"काय?"

"पयले लाईन आली की साऱ्या गावाचे फोन एकदम वाजत. मंग पाळीपाळीनं वाजायले लागले. माहा नंबर शेवटी. एकदा चुकून उचलला म्या. तिकून दिवाकरभाऊ ऑपरेटरले म्हणून राहिले, 'चहात साखर नोको टाकू.'" ते जरा हसले. "डबीले साखरेची बिमारी असते का भाऊ? मंग म्या साऱ्यायले सांगून ठेवलं, कोणी उचलू नोका. भाऊले समजलं आपल्याले समजलं, तं ते शरमेनं येणं बंद करतीन."

ताई दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"मले तं म्हणत, कंपनीनं टेबल-खुर्ची देल्ली आहे," ती म्हणाली.

रऊफभाईंनी टोपी नीट केली आणि पाणी मागितलं.

कंपनी आता मोठी आहे. अमरावतीतल्या नव्या इमारतींच्या लिफ्टमध्येही तिची यंत्रं आहेत. मूर्तिजापूरकडच्या विहिरींवर पत्र्याच्या डब्या आहेत, त्या बंद आहेत. लाईन आली का, हे बघायला माणसं शेतात जातात.