मावशींचा मऊ हात

दोन हजार चार सालची गोष्ट. तेव्हा इंटरनेट लावलं की घरचा फोन मुका व्हायचा. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या मावशींना भाचीने संगणकावर ‘विणकाम कट्टा’ नावाचं गप्पांचं संकेतस्थळ काढून दिलं. गावभरच्या बायका टोपणनावांनी तिथे नमुने विचारायच्या, गाऱ्हाणी मांडायच्या. यजमान गेल्यापासून गप्प झालेलं मावशींचं घर पुन्हा बोलू लागलं.

मावशींना खोड एकच. कुणी कडक लिहिलं, की त्या ते मऊ करून ठेवायच्या. ‘उलटा टाका’ नावाच्या बाईने लोकरवाल्याला ‘महालबाड’ म्हटलं, तेव्हा मावशींनी ते खोडून लिहिलं, ‘माणूस वाईट नाही. फक्त त्याचा शब्द आणि लोकरीचा रंग, दोन्ही पहिल्या धुण्यात उतरतात.’

वाक्य गावभर झालं. चौथ्या दिवशी लोकरवाला आपल्या वकील भाच्याला घेऊन दारात हजर.

“अब्रू गेली माझी! पोरं दुकानासमोर म्हणून दाखवतात!”

“अहो, मी कुठे लिहिलंय? मी नुसती लाईन जोडून देते.”

“तिथेच चुकलात मावशी,” वकील म्हणाला. “नुसती भिंत असतात, तर लिहिणारीला धरलं असतं. पण खडू तुम्ही हातात घेतलात. आता वाक्य तुमचं, खटलाही तुमच्यावर.”

“नाहीतर तिचं नाव सांगा,” लोकरवाला म्हणाला. “किंवा कट्टा बंद करा.”

मावशींचा जन्म एक्स्चेंजमध्ये गेलेला; एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही, ही तिथली शिस्त. “कट्टा गेला तरी चालेल. नाव सांगणार नाही.”

“मग निदान तिचं मूळ लिखाण जसंच्या तसं लावा,” वकील जरा विरघळला. “म्हणजे तुम्ही सुटाल.”

“नको हो. ते फार घरगुती आहे.”

“लावाच!” लोकरवाला गरजला.

मावशींनी जपून ठेवलेलं मूळ लावलं. वकील मोठ्याने वाचू लागला, “‘महालबाड मेला! गिऱ्हाइकाला सांगतो रंग जाणार नाही, आणि स्वतःचा स्वेटर मला वेगळ्या बादलीत धुवायला लावतो.’ मामा, अहो, ही तर मामी...”

“गप रे!” लोकरवाल्याने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. “मावशी, किती जणींनी वाचलं असेल?”

“आत्ताच तर लावलंय.”

“मग तुमचंच वाक्य परत लावा. तेच बरं होतं. सुरेख होतं.”

पुढे लोकरवाल्याने ‘वेगळं धुवा’ अशी पाटी लावली, आणि खप वाढला. गल्ल्यावर बायको बसू लागली. वकील भाचा आता मोठमोठ्या संकेतस्थळांना सल्ला देतो, ‘लोकांच्या मजकुराला हात लावू नका.’ भाची परदेशी गेली. बायका एकेक करून फोनवरच्या गटांत पांगल्या आणि कट्टा ओस पडला. तो बंद होण्याच्या आदल्या दिवशी ‘उलटा टाका’ने लिहिलं, ‘मावशी, हे मात्र बदलू नका. तुमची फार आठवण येईल.’

मावशींनी त्यातला ‘फार’ तेवढा काढला.