हेडमास्तरांचा मुका गेम

व्हिडिओ गेमचा आवाज गेला आणि निवृत्त हेडमास्तरांचे दिवस पालटले. हातात धरून खेळायचा तो गेम मूळचा नातीचा. तिने टाकला, आजोबांनी उचलला. कानांत इअरफोन घालून बेडकाला खड्ड्यांवरून उड्या मारायला लावायच्या, हा त्यांचा उद्योग. एकदा त्यातलं पीं-पीं अचानक बंद पडलं. ते इअरफोन काढणार, एवढ्यात बायको फोनवर आपल्या बहिणीला म्हणाली, "बोल गं बिनधास्त. हे गेम खेळतायत, यांना काही ऐकू येत नाही."

हेडमास्तरांनी इअरफोन तसेच ठेवले.

मग काय, चंगळच! कुणाचं लग्न कुठे फिसकटलं, शेजारच्या वकिलाने बायकोपासून काय लपवलं, सगळं घरबसल्या कळू लागलं. स्वतःबद्दलही कळायचं. "घोरतात किती, विचारू नकोस! कुशीवर झोपले तर बरं." ते गुपचूप कुशीवर झोपायला लागले. "भोकं पडलेला बनियन घालून दारात उभे राहतात, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं." बनियन फरशी पुसायला गेला. आणि एकदा तर, "तिरसट आहेत गं, पण माणूस लाख मोलाचा." बेडूक थेट खड्ड्यात पडला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांना तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. आता हा गेम दुरुस्त झाला तर? छे, तो विचारही नको.

आणि नेमके लेक-जावई राहायला आले. जावई विमा कंपनीत होते, पण बॅगेत कायम स्क्रू-ड्रायव्हर बाळगायचे.

"बाबा, याला आवाजच नाहीये!"

"असू दे हो, जावईबापू. शांतता बरी असते."

"मग इअरफोन कशाला घालता?"

हेडमास्तरांची बोबडी वळली. "कान गार पडतात."

"उन्हाळ्यात?"

आता हा गप्प बसायचा नाही, हे ओळखून हेडमास्तरांनी गेम पिठाच्या डब्यात लपवला. तासाभरात लेक पोळ्यांसाठी पीठ काढायला गेली आणि किंचाळली. जावयांच्या उत्साहाला तर ऊतच आला. "नुसती फुंकर मारून बघणार होतो, पण आता आत पीठ गेलंय. उघडायलाच हवा!"

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं. स्क्रू निघाले, पीठ झटकलं गेलं. "हे बघा, आवाज कमी-जास्त करायच्या चाकात धूळ बसली होती," असं म्हणत जावयांनी चाक ब्रशने साफ केलं आणि बेडूक घरभर केकाटला. लेकीने टाळ्या वाजवल्या.

"परत बिघडायला नको, म्हणून चाक फुल्ल आवाजावर चिकटवूनच टाकलंय," जावई म्हणाले.

हेडमास्तर एरंडेल प्यायल्यासारखे हसले.

दुपारी बायको फोनवर बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि कानांत नुसतं पीं-पीं. इअरफोन काढावेत किंवा गेम बंद करावा, तर ती गप्प होणार. हेडमास्तरांना रडू यायचं बाकी राहिलं. संध्याकाळी गेम टेबलावरून गायब झालेला पाहून त्यांनी जावयांना गॅलरीत गाठलं.

"जावईबापू, हसू नका. तो परत बिघडवता येईल का?"

"दोन मिनिटं थांबा, तेच चाललंय," जावई म्हणाले. गेम त्यांच्या मांडीवर उघडा पडला होता. "आईंनी मघाशीच सांगितलं. तुम्ही कुशीवर झोपायला लागलात, तेव्हाच त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, तोंडावर सांगितलेलं यांनी जन्मात ऐकलं नाही, फोनवर बोललं की लगेच करतात. मावशी तर बऱ्याचदा फोनवर नसतातच."

हेडमास्तर मटकन खुर्चीत बसले. म्हणजे ते 'लाख मोलाचा'सुद्धा? पण हे काही जावयाला विचारण्यासारखं नव्हतं.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर मुका गेम घेऊन बसले. कानांत इअरफोन होतेच. स्वयंपाकघरात बायको भांडी घासत होती. घसा खाकरून ते बेडकाला मोठ्याने म्हणाले, "काय सांगू तुला बेडकोबा, ही मागे लेकीकडे राहायला गेली होती ना, तेव्हा हे घर नुसतं खायला उठलं होतं. तोंडावर सांगायची लाज वाटते रे."

आतला नळ बंद झाला. जरा वेळाने बहिणीशी बोलण्याच्या सुरात बायकोचा आवाज आला, "हो ना गं! मला तरी तिकडे कुठे करमत होतं?"

तिचा फोन हेडमास्तरांच्या शेजारी चार्जिंगला लावलेला होता.