तुलनापत्रातील रिकामे घर

श्री. प्रथम नमन त्या कर्त्यास, ज्याने सृष्टी निर्माण केली आणि ती कोणत्या हत्याराने करावी हे कोणासही विचारिले नाही; विचारिता तर अद्याप मसलतच चालू असती आणि तुम्ही आम्ही कोणी जन्मास न येतो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, ज्येष्ठ मासी एका राज्यात होडीच्या ॲपाचा जो मजकूर जाहला तो यथास्थित लिहिला आहे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिले तर शेजारची चार राज्ये "हे आमचेच वर्तमान" म्हणून भांडू लागतील.

ऐसियास, त्या राज्याचे मधून नदी वाहे, आणि अलीकडे राजधानी, बाजार व दवाखाना, पलीकडे तीन गावे, आणि मध्ये पूल नाही, गेनू तारकऱ्याची एक होडी. वरचे अंगास धरण. उन्हाळ्यात शेतीसाठी धरणाचे आवर्तन सोडिले म्हणजे नदी दोन पुरुष चढे आणि होडी बंद होई. बंद केली म्हणजे गेनूने घाटावरच्या उंबरास तांबडे लुगडे बांधावे, ऐसा रिवाज बापजाद्यांपासून होता. परंतु लुगडे दिसावे तर दोन कोस उन्हात चालून घाटावरच यावे लागे, आणि लुगडे पाहून दोन कोस परतही जावे लागे. मग तिन्ही गावांनी अर्ज केला, आणि त्याच सुमारास महाराजांचे हाती नवा फोन आला होता, त्यामुळे महाराज जिकडे तिकडे ॲपच पाहत होते. त्यांनी आज्ञा केली, "होडीचे ॲप करावे. होडी चालू की बंद, रयतेस घरबसल्या कळावे." आज्ञा सोपी होती, म्हणून मसलत बसली.

मसलतीस राज्यातील नामांकित कारागीर बोलाविले. भगवंतराव दुहेरे उठले आणि मिशीस पीळ देऊन बोलिले, "महाराज, राज्यात फोनांच्या दोन पागा. एक हिरव्या यंत्रमानवाची, दुसरी उष्ट्या सफरचंदाची. प्रत्येक पागेची भाषा निराळी. जो ज्या पागेचा, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावे. ॲपे दोन करावी, कारागीर दुप्पट द्यावे, मग चाल पाहावी!" त्यावरी सखाजीपंत एकसांधे हसले आणि म्हणाले, "एकच भाकरी दोन चुलींवर भाजणाऱ्यास आमच्याकडे निराळे नाव आहे. ॲप एकदाच लिहावे आणि ते दोन्ही पागांत चालावे, ऐसे हत्यार आम्हापाशी आहे." दुहेरे म्हणाले, "चालेल, परंतु लंगडत!" एकसांधे म्हणाले, "तुमचे तयार होईतो आमचे लंगडत काशीस जाऊन येईल!" तिसरे मोरशास्त्री खिडकीकर. त्यांचे मत ऐसे की ॲप मुळी करूच नये, ब्राउझरच्या खिडकीतून पान दाखवावे. परंतु शास्त्रीबोवा मत सांगण्यापूर्वी चौदा ग्रंथालयांची, म्हणजे इतरांनी लिहून ठेविलेल्या तयार कोडाची, नामावळी म्हणत, आणि नामावळी संपेतो दरबार पानसुपारीस उठे.

मग महाराजांनी तिघांस आपापली वानगी दाखविण्याची आज्ञा केली, आणि वानग्या दरबारातच, महाराजांचेच नव्या फोनावर, राजवाड्याचेच वायफायवर दाखविल्या, आणि तिन्ही पाण्यासारख्या चालल्या. एकसांध्यांची कळ दाबिली असता किंचित उसळी मारी, ते पाहून मर्जी बहुत खुश जाहली आणि महाराजांनी ती कळ एकवीस वेळा दाबिली. परंतु निवाडा होईना. निवाडा न जाहला म्हणजे त्या राज्याचा रिवाज ऐसा की तुलनापत्र करावे: उभ्या रकान्यात हत्यारे, आडव्यात गुणदोष, आणि एकही घर रिकामे असेतो पत्र दरबारी येऊ नये, आणि पत्र दरबारी आल्यावाचून कोणी कामास हात घालू नये. हे पत्र लिहिण्याची असामी आवडाबाई तुलनानवीस यांची.

आवडाबाई स्वतः चांगल्या कारागीर होत्या, परंतु अक्षर सुरेख, आणि सुरेख अक्षराच्या माणसास राज्यात कोणी दुसरे काम देत नसे. त्यांनी वेग लिहिला, वजन लिहिले, पुढे देखभाल कोण करील ते लिहिले, आणि बारावे घर भरिले तोच पहिल्या हत्याराची नवी आवृत्ती निघाली. मजकूर शिळा जाहला म्हणून पहिले घर खोडिले, ते नव्याने भरिले, तोच दुसऱ्याची निघाली. ऐसे आषाढ गेला, श्रावण गेला, आणि पत्र लांबत लांबत उलगडले असता सदरेपासून देवडीपर्यंत जाऊ लागले. आश्विनात पलीकडून निरोप आला की धाकटी बहीण अंजिरा हिला दिवस गेले आहेत, वैशाखात बाळंत होईल. आवडाबाईंस आनंद जाहला आणि त्याच क्षणी धाकही पडला. अंजिरेच्या दोन खेपा पूर्वी हातच्या गेल्या होत्या, आणि डॉक्टरीणबाईंनी बजाविले होते की या खेपेस कळा सुरू होताच दवाखाना गाठावा, घरी राहू नये. दवाखाना अलीकडे, अंजिरा पलीकडे, आणि वैशाख हाच आवर्तनाचा महिना. तेव्हापासून आवडाबाई घरे भरीत आणि मनात महिने मोजीत.

पुढे शके एकोणीसशे सत्तेचाळीस उजाडले, आणि चैत्रात पत्र प्रथमच पुरे होण्यास आले. एकच घर राहिले, अगदी तळाशी: "वापरणार कोण, आणि त्यांचे फोन कोणते?" ते दहा महिने रिकामे होते, कारण प्रत्येकाची समजूत की ते दुसऱ्याने भरावयाचे. दुहेरे म्हणाले, "लिहा, समस्त रयत." एकसांधे म्हणाले, "लिहा, उत्तम फोन." या एका गोष्टीवर दोघांचे एकमत जाहले. परंतु आवडाबाईंस खोटे लिहवेना. त्यांनी पत्र रुमालात बांधिले, दशम्या घेतल्या आणि घाटावर जाऊन उंबराखाली बसल्या.

तीन दिवस बसल्या. येईल जाईल त्याचा फोन हाती घेऊन पाहिला, आणि पाहिले ते ऐसे: हिरव्या पागेचे फोन होते खरे, परंतु म्हातारे आणि काचा तडकलेले, बटणांचे साधे फोन तितकेच, उष्टे सफरचंद अवघे एक, तेही ऐकिवातले, पाटलांच्या जावयाचे, आणि जावई दिवाळसणास येणारे. फोनास सिग्नलाची रेघ मिळे ती उंबराखालीच, गावात साधा संदेश तेवढा पोहोचे. सोनाई नामे म्हातारीस आवडाबाई म्हणाल्या, "आजी, आपण होडीचं ॲप करतोय. ह्यात घ्याल ना?" सोनाई म्हणाली, "बाई, ह्यात जागाच न्हाई. नवं काय घ्यायचं म्हनलं की जुनं उडवावं लागतंय. मग नातवाचा फोटू उडवू का तुमचं ॲप घेऊ? तुमीच सांगा." आवडाबाईंनी दीडशे घरांच्या पत्रात नातवाच्या फोटोचे घर शोधिले, ते नव्हते.

मग गेनूस विचारिले, "पाणी सुटणार हे तुम्हाला कधी कळतं?" गेनू म्हणाला, "धरनावरचा चौकीदार तीन तास आदी फोन करतोय की." आवडाबाई थक्क जाहल्या आणि म्हणाल्या, "मग लोकांना का नाही सांगत?" गेनू वल्हे ठेवून म्हणाला, "तीन गावं हायती, तोंड येकच माजं. म्हनून लुगडं बांदतो." "पण हे दरबारात कधी बोलला नाहीत?" "इचारलंय कोनी?" ऐसे बोलून त्याने फोन काढिला, तोही बटणांचा, कारण ओल्या अंगठ्यास काच जुमानत नाही. आवडाबाईंस राग आला, तो गेनूचा नव्हे, दरबाराचा आणि त्याहून अधिक आपल्या सुरेख अक्षराचा.

त्या राजधानीस परतल्या आणि रिवाज मोडिला. तळाचे घर रिकामेच ठेविले, पत्र गुंडाळिले, आणि जे हत्यार हातास आधीच येत होते तेच घेऊन कामास बसल्या. आठ दिवसांत काम उरकिले. ते ऐसे: गेनूने एका नंबरास फोन करावा, एक दाबिला तर होडी चालू, दोन दाबिला तर तीन तासांनी बंद, मग तिन्ही गावांत प्रत्येक फोनास साधा संदेश जावा, आणि ज्यांची काच बरी त्यांस एक हलके पान दिसावे, घेण्याचे नाही, उडविण्याचे नाही. कळ नाही, म्हणून उसळीही नाही. दिसावयास ते इतके गरीब होते की ॲप म्हणावयास आवडाबाईंस स्वतःस संकोच वाटे.

वैशाख वद्य पंचमीस ही वार्ता दरबारी फुटली आणि दोन प्रहरी आवडाबाईंस हुजूर उभे केले. दुहेरे म्हणाले, "पत्र अपुरे असता काम? उद्या कोणीही उठेल आणि काम करील!" एकसांधे म्हणाले, "आणि कोणत्या हत्याराने केले, ते तरी कळू द्या." खिडकीकर म्हणाले, "मार्ग आमचाच, परंतु चौदा ग्रंथालयांपैकी एकही नाही. हे पाखंड आहे." आवडाबाई उत्तर देणार तोच त्यांचा फोन हातात थरथरला. संदेश होता: "होडी तीन वाजल्यापासून बंद." त्यांचे तोंड पांढरे पडले. सकाळीच पलीकडून निरोप होता की अंजिरेची कंबर धरली आहे, परंतु ऊन उतरल्यावर निघू. ऊन उतरते पाच वाजता. गावात फोन लागत नसे, आणि संदेश तिच्या घरी पोहोचला की नाही, पोहोचला तर कोणी वाचला की नाही, याचे कोणते घर पत्रात नव्हते. मग दरबार विचारी आणि आवडाबाई फोनाकडे पाहत. महाराज प्रथम रागावले, मग त्यांस बाईंच्या तोंडाकडे पाहून काही उमगले आणि ते म्हणाले, "काय आहे?" आवडाबाईंनी सांगितले. मग अकरा महिन्यांत दरबारात प्रथमच सर्वांनी मिळून एकाच फोनाकडे पाहिले, आणि तो फोन जुना होता.

तीन वाजले. साडेतीन जाहले. पाणी चढल्याची वर्दी दरबारी आली. आवडाबाई बोलिल्या, "महाराज, मला जाऊ द्या," आणि रजा मिळण्यापूर्वीच निघाल्या, तो देवडीवर फोन वाजला. अंजिरेची सासू बोलत होती, धाप लागली होती. "आवडे, आगं मेसेज आला तवा जेवायला बसलो हुतो. ताटं तशीच टाकली. गेनूची शेवटची खेप आमीच. दवाखान्यात हाओत. ये की गं लवकर!" आवडाबाई देवडीच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या, आणि देवडीवरचे शिपाई दुसरीकडे पाहू लागले. दिवेलागणीस अंजिरेस मुलगी जाहली. मावशीने तिला हाती घेतले, आणि मावशीस त्या दिवशी कोणत्याही दोन गोष्टींची तुलना करिता आली नाही.

दुसरे दिवशी महाराज म्हणाले, "रिवाज तो रिवाज. ते रिकामे घर भरा आणि पत्र दप्तरी लावा." आवडाबाईंनी पत्र उलगडिले, तळाशी गेल्या, आणि "वापरणार कोण, आणि त्यांचे फोन कोणते" या घरात आपल्या सुरेख अक्षरात लिहिले: "अंजिरा. फोन सासूचा, बटणांचा. पार पोहोचली." महाराजांनी वाचले, दोनदा वाचले, आणि आपला नवा फोन खिशात ठेविला. तोच दुहेरे धावत आले की पहिल्या हत्याराची नवी आवृत्ती निघाली, पहिले घर खोडावे.

येणेप्रमाणे होडीच्या ॲपाचे वर्तमान जाहले ते लिहिले. न्यूनाधिक असेल ते वाचणाराने पदरी घ्यावे, नवे रकाने मात्र पाडू नयेत. तुलनापत्र अद्याप अपुरे आहे. होडी चालू आहे.