नसलेल्या चेनची चोरी

खालचा बोल्ट पहिल्याच फटक्यात उघडला, तेव्हाच प्राध्यापकांना संशय यायला हवा होता. त्यांच्या हातून आजवर काहीही पहिल्या फटक्यात उघडलं नव्हतं. औषधाच्या बाटल्यासुद्धा बायकोच उघडून देई. पण त्या सकाळी, इमारतीच्या पार्किंगमध्ये सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी ते मांडी घालून बसले असताना पाना फिरला, बोल्ट हातात आला आणि चाकाच्या कुशीतल्या पेटीतलं तेल घमेल्यात पडू लागलं. तेल कसलं, डांबरच ते. इतकं काळं की गाडी आपल्या ताब्यात आल्यापासूनच्या तीन महिन्यांत आपण तिचं नेमकं काय वाटोळं केलं, याची यादी प्राध्यापक मनात करू लागले.

ही मोटरसायकल चेनवर चालत नसे. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एका जाड नळीच्या पोटात पोलादी दांडा फिरे, त्याच्या टोकाला दातेरी चाकं असत आणि ती चाकं तेलात बुडालेली असत. सासरे त्याला 'शाफ्ट' म्हणत आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत, जसा लोक घराण्यात होऊन गेलेल्या न्यायाधीशाबद्दल बोलताना आणतात. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाण्यापूर्वी त्यांनी गाडी जावयाच्या हवाली केली होती. आज संध्याकाळी जुन्या गाड्यांची फेरी होती आणि तिच्यात अग्रभागी सासरे असणार, हे त्यांनी स्वतःच इतक्या लोकांना सांगून ठेवलं होतं की आता ते न घडणं ही सार्वजनिक घटना ठरली असती.

"फक्त शाफ्टचं तेल तेवढं बदलून ठेवा," ते आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते. "मी दर वर्षी बदलतो. पोरखेळ आहे हो. जमेल ना?"

हे 'जमेल ना' प्राध्यापकांच्या परिचयाचं होतं. लग्नाच्या बोलणीत, मुलगा तर्कशास्त्र शिकवतो असं कळल्यावर, सासऱ्यांनी प्रथम हेच विचारलं होतं, "आणि त्यावर घर चालवायला जमेल ना?" घर चाललं, प्रश्न मात्र कधी मागे घेतला गेला नाही. आज तो कायमचा निकालात निघणार होता.

प्राध्यापकांनी माहितीपुस्तक दोनदा वाचलं होतं. त्यात लिहिल्याप्रमाणे आधी खालच्या बोल्टातून जुनं तेल काढायचं, मग वरच्या बोल्टातून नवं भरायचं. शेवटचा थेंब पडल्यावर त्यांनी खालचा बोल्ट बसवला आणि वरच्याला पाना लावला. बोल्ट हलला नाही. त्यांनी जोर लावला, मग पान्यावर उभे राहिले, मग पान्यावर उभं राहून हलकेच उड्या मारल्या. पाना सटकला. बोल्टाचे सगळे कोपरे झिजून तो गोटीसारखा गुळगुळीत झाला होता, आणि प्राध्यापकांना वाटलं, हे आपल्याच उड्यांचं फळ. आधी सगळं रिकामं करायचं आणि मग भरायची वाट आहे की नाही ते पाहायचं, हा क्रम मोठमोठ्या योजनांना शोभून दिसतो. मोटरसायकलला तो परवडत नाही. तेलाशिवाय ती रस्त्यावर नेली असती, तर आतले दाते एकमेकांना खाऊन बसले असते.

फोन वाजला. वडिलांना आणायला गेलेली बायको बोलत होती.

"अहो, बाबा बूट घालून बसलेत. तेल झालं का?"

"अर्धं काम झालंय," प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत काटेकोर विधान होतं.

त्यांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजला फोन लावला. "शाफ्टवाली? नको साहेब," पलीकडून उत्तर आलं. "चेन असती तर आत्ता आलो असतो."

मग त्यांना सुचली ती युक्ती निव्वळ तर्काने काढलेली होती. खालचं भोक वर आणता आलं, तर तेच भरण्याचं भोक होईल. त्यासाठी गाडी आडवी करायला हवी. ओरखडा नको म्हणून त्यांनी वरून पाहुण्यांची गादी आणली. त्या रात्री सासरे तिच्यावरच झोपणार होते. घामाघूम होत, स्वतः अर्धे गाडीखाली जात, त्यांनी ते धूड गादीवर निजवलं आणि तेल भरायला नरसाळं शोधण्यासाठी पुन्हा घरी धावले.

ते हुडकून परत येईपर्यंत खाली इमारतीचे सेक्रेटरी उभे होते. त्यांना सगळे 'विश्वकोश' म्हणत, कारण त्यांनी आजवर 'मला माहीत नाही' असं म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. भोवती बघे जमले होते आणि मध्ये वॉचमनकाका टोपी हातात घेऊन उभे.

"या सर, मन घट्ट करा," विश्वकोश म्हणाले. "तुमच्या गाडीची चेन गेली."

"काय गेली?"

"चेन! बघा ना, आख्ख्या गाडीला चेन नाही. चोर तयारीचे होते. आवाज होऊ नये म्हणून गादी घेऊन आले. हे बघा, चेनचं तेल सांडलंय घमेलंभर."

प्राध्यापकांना, खरं सांगायचं तर, क्षणभर हायसं वाटलं. त्या बोल्टाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पण तेवढ्यात विश्वकोश वॉचमनकाकांकडे वळले.

"सकाळच्या गस्तीला चेन होती का?"

वॉचमनकाकांनी ती चेन पाहिली असणं शक्यच नव्हतं. पण नव्हती म्हणावं तर रात्रीची ड्युटी त्यांचीच होती. "होती ना साहेब," ते ठासून म्हणाले. "मी स्वतः हात लावून बघितली."

"म्हणजे दिवसाढवळ्या तुमच्या नाकासमोरून गेली! संपलं. आजच्या आज खोली रिकामी करा. समिती बसलेली आहे."

समिती खरोखरच बसलेली होती, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. वॉचमनकाकांचा चेहरा पांढरा पडला. जिन्याखालच्या त्या खोलीत त्यांचं सगळं बिऱ्हाड होतं. प्राध्यापक नरसाळं घेऊन पुढे झाले.

"थांबा," ते म्हणाले. "चोरी झालेली नाही. या गाडीला चेन नसतेच. ही नळी बघा, हिच्या आत दांडा फिरतो."

"सर, ही सायलेन्सरची नळी आहे," विश्वकोश मायेने म्हणाले.

"गाडी मी आडवी पाडली. गादी माझी आहे. तेल मी काढलं!"

"धक्का बसलाय त्यांना. पाणी आणा कुणीतरी." मग विश्वकोशांनी आवाज खाली आणला. "सर, कुणी धमकी दिलीय का तुम्हाला? आणि तुम्ही म्हणता तसं असेल, तर यांनी हात लावला तो कशाला?"

प्राध्यापकांनी वॉचमनकाकांकडे आशेने पाहिलं. काका शपथेवर सांगायला तयार होते की चेन होती, चांगली जाड होती. तीस वर्षं प्राध्यापकांनी मुलांना शिकवलं होतं की नसलेल्या वस्तूबद्दल काहीही सिद्ध करता येत नाही. इथे अख्खी समिती ते लीलया करत होती.

त्याच वेळी फाटकाशी टॅक्सी थांबली. आधी काठी उतरली, मग चकाकणारे बूट, मग चामडी जाकीट, आणि शेवटी, बायकोच्या खांद्याचा आधार घेत, सासरे. स्वतःच्या गादीवर निजलेल्या स्वतःच्या गाडीकडे त्यांनी पाहिलं.

"आजोबा, चेन चोरीला गेली हो तुमच्या गाडीची," विश्वकोशांनी सांत्वन सुरू केलं. "पण चोर आम्ही पकडलाय."

सासऱ्यांनी गाडीकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं, वॉचमनकाकांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"चेन ना? चेन माझ्याकडे आहे. मीच नेलीय घरी, धुवायला."

"तरीच!" विश्वकोश म्हणाले. "मला वाटलंच होतं. काका, तुमच्यावर विश्वास होता म्हणूनच विचारलं." वॉचमनकाकांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि गर्दीत दिसेनासे झाले.

"अरेरे, मग आजची फेरी?" कुणीतरी विचारलं.

"राहिली," सासरे म्हणाले. इतकं दुःखद वाक्य इतक्या टवटवीत चेहऱ्याने उच्चारलेलं प्राध्यापकांनी प्रथमच ऐकलं. ते सासऱ्यांच्या कानाशी वाकले.

"बाबा, माझी चूक झाली. वरचा बोल्ट..."

"उघडला नाही ना?" सासरे कुजबुजले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, माझ्याने तरी कधी उघडलाय? कोपरे मीच खाल्लेत त्याचे. कधीचं बाहेरून पुसून ठेवतोय झालं."

"म्हणजे दर वर्षी तेल बदलता ते..."

"हळू बोला. या गुडघ्याने किक बसत नाही, जावईबापू. आणि मला जमत नाही, असं चारचौघांत कसं सांगायचं? म्हटलं, तेलाचं काम तुम्हाला द्यावं. तुम्ही पुस्तक वाचून आधी खालचाच उघडणार, याची खात्री होती."

प्राध्यापकांना संताप यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या बरोबरीने एक वेगळंच समाधान आलं: इतक्या वर्षांनंतर अखेर कुणीतरी आपल्या तर्कनिष्ठेवर पूर्ण भरवसा टाकला होता.

"मग असं करू," विश्वकोश पुढे झाले. "रविवारी सकाळी चेन घेऊन या. चेन बसवताना सगळी समिती हजर राहील. पुन्हा संशयाला जागा नको."

"जरूर," सासरे म्हणाले. "जावईबापू बसवतील. पोरखेळ आहे."

प्राध्यापकांनी मागच्या चाकाकडे पाहिलं. चेन अडकवायला त्यावर एकही दाता नव्हता. समिती पांगली. बायको अजून तिथेच उभी होती. तिचं सगळं लहानपण त्याच गाडीच्या मागच्या सीटवर गेलं होतं. तिने आधी नवऱ्याकडे आणि मग वडिलांकडे पाहिलं.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "चेन कशाने धुतलीत?"

दोघेही खाली वाकले आणि गादीवरची गाडी उचलू लागले.