सातव्या पिंजऱ्यातली नववी

तपासणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता उंदीरताईंनी खोलीतला दिवा मालवला, पिवळा चष्मा चढवला, निळ्या उजेडाची बॅटरी सातव्या पिंजऱ्यावर धरली आणि मोजलं. आठ. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. आठच. वहीत नऊ होते.

उंदीरताई हे नाव प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ठेवलेलं. सासूबाईंना ते मुळीच आवडत नसे, पण ताई उंदीर सांभाळत होत्या हे खरंच होतं. त्यातही सातव्या पिंजऱ्यातल्या माद्या साध्या नव्हत्या. त्यांच्यात जेलीफिशचं एक जनुक घातलेलं होतं, त्यामुळे निळ्या उजेडात त्यांचे कान, पाय आणि शेपटी हिरवी चमकत. बाकी अंग केसांखाली झाकलेलं. त्यांच्या चमकत्या पेशी आजारी उंदरांच्या अंगात सोडायच्या आणि त्या कुठवर पोहोचतात ते पाहायचं, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं संशोधन होतं. यातली एक जरी बाहेर पळाली तरी काम बंद आणि खोलीला कुलूप. आणि ताईंना नोकरीत कायम करण्याचं पत्र सरांच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं. ताईंच्या पाचावर धारण बसली.

झाकण उघडलं की उंदीर बिचकतात, म्हणून मोजणीची ही युक्ती ताईंनी स्वतःच काढली होती. अंधार करायचा आणि हिरव्या शेपट्या मोजायच्या. सरांना ती इतकी पटली की तेही तसेच मोजू लागले होते.

ताई गुडघ्यांवर आल्या आणि बॅटरी घेऊन मांडणीखाली शिरल्या. कोपऱ्यात धूळ होती, एक हरवलेलं पेनाचं टोपण होतं, उंदीर नव्हता. तेवढ्यात कपाटामागे काहीतरी हिरवं चमकलं. ताईंना ती शेपटीच वाटली. ताईंनी झडप घातली, तर हातात आला कुणाचा तरी झाकण नसलेला, चमकत्या शाईचा पिवळा मार्कर.

रडकुंडीला येऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "लोक घरातला उंदीर गेला म्हणून निवांत झोपतात, आणि तू रडतेस?" ताईंनी फोन ठेवला आणि मार्करकडे पाहत बसल्या.

दाराशी कालच आलेला नव्या पांढऱ्या माद्यांचा खोका होता. त्या अजून कुणी मोजल्या नव्हत्या, वहीतही चढल्या नव्हत्या. ताईंनी त्यातली एक उचलली, शेपटीला मार्कर फासला आणि तिला सातव्या पिंजऱ्यात सोडलं. दिवा मालवून मोजलं. नऊ. आयुष्यात पहिल्यांदा असलं काही केलं होतं.

अकरा वाजता सरांबरोबर तपासनीस बाई आल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या आणि घाई त्यांना ठाऊकच नव्हती. ताईंनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तसं त्यांनी थांबवलं. "दिवा राहू द्या. मी उजेडातच मोजते." त्यांनी झाकण काढलं, आतली पुठ्ठ्याची नळी उचलून कागदाचं घरटं विसकटलं आणि सावकाश मोजलं.

"वहीत नऊ आहेत."

"हो," ताई म्हणाल्या.

"इथं अकरा आहेत."

ताईंनी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. "उंदीरच ते, मॅडम," सर म्हणाले, "वाढायचेच."

"सगळ्या माद्या आहेत. आणि एका रात्रीत एवढ्या मोठ्या?" बाईंनी चष्मा मागितला. "कमी भरलेले पुष्कळ पाहिलेत मी. जास्त भरलेले आजच पाहतेय. आता मालवा दिवा."

निळ्या उजेडात नऊ माद्या कानांपासून शेपटीपर्यंत व्यवस्थित चमकत होत्या. नववी जांभई देत होती. सकाळभर ती घरट्यात शेपटी पोटाशी घेऊन झोपली होती. दहावीची नुसती शेपटी चमकत होती. अकरावी ठार काळोखात.

ताईंना वाटलं, पत्र गेलं तर जाऊ दे, पण हे ओझं घरी न्यायचं नाही. "ती शेपटी मी रंगवली, मॅडम. मला एक कमी भरली होती. सरांना यातलं काही माहीत नाही."

"बरं. आणि ही न रंगवलेली?"

"ती माझी नाही."

"या खोलीच्या किल्ल्या किती?"

"दोनच."

अंधारात सरांनी घसा खाकरला.

बाईंनी पाहुण्या माद्यांना वेगळ्या पिंजऱ्यात हलवायला लावलं, वहीत दोघांच्या नावाने ताशेरे ओढले आणि खाली लिहिलं: एकही उंदीर पळालेला नाही, मोजणी यापुढे उजेडात व्हावी.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. ताई मनाची तयारी करून गेल्या. टेबलावर पत्र होतं आणि त्यावर सही होती. सरांनी मान वर केली नाही.

"मी सातलाच येऊन मोजले होते. आठ भरले. खोक्यातली एक उचलून आत सोडली." पत्र त्यांनी पुढे सरकवलं. "पण ताई, शेपटी रंगवायचं काही मला सुचलं नाही."